शंभर थेंबांची तलफ

रात्रीचे दोन वाजून गेले होते. पुरुष सर्जिकल वॉर्डातले मधले दिवे मालवलेले, फक्त सिस्टरांच्या टेबलावरचा एक जळत होता. नऊ नंबरच्या खाटेवरचा माणूस डावा पाय खाली सोडून बसला होता. पाय वर घेतला की ठणका लागतो, खाली सोडला की जरा उतार पडतो. म्हणून गेले कित्येक दिवस तो बसल्याबसल्याच डुलक्या काढतो. वय छत्तीस. यंत्रमाग कामगार. पायाचा अंगठा नखापासून अर्ध्यापर्यंत काळा पडलेला.

"सिस्टर, पाच मिनिटं खाली जाऊन येतो की."

"कशाला?"

"जरा हवा खायला."

सिस्टरांनी त्याला अडवलं नाही, रागावल्याही नाहीत. स्टुल ओढून त्याच्याजवळ बसल्या आणि सलाईनकडे बोट दाखवलं. "दादा, हे थेंब पडतायत ना, ते मोजा. शंभर झाले की मला हाक मारा. मग जायचं की नाही ते ठरवू."

त्यानं मोजायला सुरुवात केली. साठ-सत्तरच्या आसपास चुकला, पुन्हा पहिल्यापासून धरलं. ओठ हलत होते. मी समोरच्या बाकावर बसून नकळत त्याच्याबरोबर मोजत होतो. शंभर झाले, पण त्यानं हाक मारली नाही. खाटेच्या लोखंडी दांडीला डोकं टेकवून डोळे मिटले.

नंतर सिस्टरांनी हिशेब सांगितला. सलाईन तासाला शंभर मिली चालू असेल तर मिनिटाला तेहेतीसच्या आसपास थेंब पडतात, म्हणजे शंभर थेंबांना तीन मिनिटं. विडीची तलफ एका वेळी तीन ते पाच मिनिटंच जोरात असते. तेवढा वेळ माणसाला धरून ठेवलं की ती ओसरते. पुन्हा येते, पण प्रत्येक वेळी तेवढाच वेळ काढायचा असतो.

ऐकण्याची इच्छा

यंदाच्या अंकाचा विषय 'शुश्रूषा' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी आधी शब्दकोश उघडला. 'श्रु' म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याची सेवा हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. मग मनात आलं, दवाखान्यात सगळ्यात जास्त कोण ऐकतं? डॉक्टर राउंडला येतात, खाटेपाशी दोन-तीन मिनिटं थांबतात, पुढे जातात. तलफ येते ती पहाटे, जेवणानंतर, रात्री झोप लागत नाही तेव्हा. त्या वेळी तिथे असते ती सिस्टर.

म्हणून सोलापूर परिसरातल्या एका रुग्णालयात तीन दिवस आणि दोन रात्रपाळ्या जाऊन बसलो. रुग्णालयाचं आणि कुणाचंही नाव लिहायचं नाही, एवढीच अट होती. ज्या अधिपरिचारिकेच्या मागेमागे मी फिरलो, त्यांची नोकरी एकोणीस वर्षं झाली आहे. रात्री त्यांच्या वाट्याला अडतीस पेशंट होते. अडतीस जणांची इंजेक्शनं, सलाईनं, ड्रेसिंगं, ताप, बीपी, नातेवाइकांचे प्रश्न, आणि सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर द्यायच्या आधी सगळ्याची लिखापढी. एवढ्या धबडग्यात विडी सोडवायला वेळ कुठला, असं मी विचारलं.

"वेळ वेगळा काढायचाच नाही," त्या म्हणाल्या. "ड्रेसिंगला पंधरा मिनिटं लागतात. हात कामात असतात, तोंड मोकळं असतं."

हे नुसतं चांगुलपण नाही, त्याला पुरावा आहे. परिचारिकांनी दिलेल्या सल्ल्याचा आणि आधाराचा उपयोग होतो का, हे कॉक्रेन या संस्थेनं २०१७ साली जगभरचे ४४ अभ्यास एकत्र करून तपासलं. वीस हजारांहून अधिक माणसं त्यात होती. परिचारिकेनं मदत केली की धूम्रपान सोडण्यात यश येण्याची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी वाढते, असं निघालं. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण कुणाच्याही मदतीशिवाय सोडायला गेलेल्या शंभरांपैकी वर्षभरानंतर जेमतेम तीन ते पाचजण टिकलेले असतात, हे लक्षात घेतलं की त्या वाढीची किंमत कळते. आपल्या देशात तंबाखूनं वर्षाला साडेतेरा लाख माणसं जातात.

'व्यसन?' 'नाही.'

केसपेपरवर एक ओळ छापलेली असते: व्यसन. समोर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, नाही. ते खोटं असतं असंही नाही. व्यसन म्हटलं की आपल्याकडे माणसाच्या डोळ्यांपुढे दारू येते. विडी ही सवय, तंबाखूची चिमूट हा विरंगुळा आणि मिश्री तर दात घासायचं साधन.

सिस्टर 'व्यसन आहे का' हा प्रश्न विचारतच नाहीत. पुरुषाला विचारतात, "दिवसाला किती बंडलं लागतात?" जणू ओढतो हे गृहीतच आहे. न ओढणारा हसून नाही म्हणतो आणि ओढणारा बिचकत नाही. दुसरा प्रश्न, "सकाळी उठल्यावर पहिली कधी?" या एका प्रश्नात बरंच कळतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर शरीर निकोटिनवर पक्कं अवलंबून आहे, नुसत्या उपदेशानं भागणार नाही, औषधाची जोड लागेल, असं समजायचं.

बायकांच्या वॉर्डात प्रश्न आणखी वेगळा: "मावशी, दात कशानं घासता?"

मी तिथे होतो तेव्हा या प्रश्नावर एका खाटेवरून उत्तर आलं, "मिसरीनं. दिवसातनं तीन-चारदा." तीन-चार वेळा दात घासायचं कारण दात नसतात. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू बोटानं हिरड्यांना लावली की निकोटिन थेट रक्तात जातं. मुंबईत बाराशेहून अधिक गर्भवतींचा अभ्यास झाला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मिश्रीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. गरोदर बाईला हे कुणी सांगायचं? तिची नाडी आणि वजन बघणारी आरोग्यसेविका हे सांगू शकते, पण त्यासाठी दात कशानं घासतेस हे विचारायला हवं.

महाराष्ट्राचं चित्रही असंच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. धूर काढणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के. बाकीची तंबाखू गालात, ओठामागे, हिरड्यांवर असते. धूर निघत नाही, म्हणून ती कुणाच्या नजरेत येत नाही. त्याच सर्वेक्षणात देशभरात असं दिसलं की दवाखान्याची पायरी चढलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना 'सोडा' असं सांगितलं गेलं. तंबाखू खाणाऱ्यांमध्ये तर जेमतेम तिघांतल्या एकाला.

ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव

सोळा नंबरवर दम्याचे काका होते. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेले. बोटाला लावलेल्या यंत्रावर ९८ दिसलं आणि त्यांनी विजयी मुद्रेनं सिस्टरांकडे पाहिलं. "बघा, चाळीस वर्षं ओढतोय. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव!"

सिस्टर खाली बसल्या. विडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरतं, त्याच्या दोनशेपटींहून जास्त ओढीनं या वायूला धरतं. बोटाच्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. त्या म्हणाल्या, "काका, यष्टीत सीट भरलेली दिसते हो. पण तुमचा माणूस बसलाय की भलताच, हे यंत्राला कसं कळणार?" काका यंत्राकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःहून विचारलं, "किती दिवसांनी उतरतो हा भलता माणूस?" एका दिवसात बराचसा उतरतो. हे ऐकून त्यांना जे वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. चाळीस वर्षांचं पाप धुवायला चाळीस वर्षं लागतील असंच ते धरून चालले होते.

विडी सिगारेटपेक्षा सौम्य, पानाची म्हणून नैसर्गिक, हा समज इथे घट्ट आहे. विडीत तंबाखू सिगारेटच्या मानानं चौथाईच्या आसपास असते हे खरं. पण तेंदूचं पान कागदासारखं हवा घेत नाही. विडी सारखी विझते, म्हणून ती जागती ठेवायला झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात. कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटिन काही कमी मिळत नाही.

या काकांच्या बाबतीत सिस्टरांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटली. त्यांनी डॉक्टरांना आठवण करून दिली की काका दम्यासाठी थिओफायलिन घेतात. धुरातल्या डांबरी द्रव्यांमुळे यकृत हे औषध भराभर संपवतं. विडी बंद झाली की तोच डोस अंगात जास्त साचतो. मळमळ, धडधड सुरू होते. डोस तपासायला हवा. चहा-कॉफीतल्या कॅफिनचंही तसंच. विडी सोडलेल्या माणसानं चहा तेवढाच ठेवला तर त्याला झोप येत नाही, हात थरथरतात. तो म्हणतो, "विडी सोडल्यामुळं असं होतंय," आणि पुन्हा पेटवतो. दोष निम्मा चहाचा असतो. "विडी सोडताय ना, मग चहा अर्धा करा," हे वाक्य त्या प्रत्येकाला सांगतात.

भांडखोर पेशंट

दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही पेशंट बदलतात. जेवणावरून कुरकुर, बायकोवर खेकसणं, वॉर्डबॉय मामांशी भांडण, रात्रभर टक्क जागं. ओव्हर देताना सांगितलं जातं, "बारा नंबर जरा भांडखोर आहे." पूर्वी त्याही असंच सांगायच्या, असं सिस्टर म्हणाल्या. आता त्या आधी बघतात, या माणसानं शेवटची विडी कधी ओढली? निकोटिन तुटल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत निवतो. भांडखोर पेशंट बऱ्याचदा निकोटिनसाठी तळमळणारा पेशंट असतो. तसं त्याला सांगितलं की त्याचा निम्मा राग तिथेच उतरतो.

आणि मग महाराष्ट्रातलं ते सर्वांत पक्कं कारण: "बिडीशिवाय मोकळं होत नाही." हे ऐकून हसणाऱ्यांनी हसावं, सिस्टर हसत नाहीत. निकोटिन आतड्यांना खरोखरच चालना देतं. ते बंद झालं की काही दिवस कोठा जड होतो. म्हणून विडी सोडायच्या दिवसापासूनच सकाळी कोमट पाणी, दोन फेऱ्या, रात्री इसबगोल. पोट साफ झालं की माणसाची अर्धी भीती जाते. व्याख्यानात हे कुणी सांगत नाही.

निकोटिनच्या च्युइंगमचंही असंच. ती गोळी साध्या च्युइंगमसारखी चघळत राहिलं तर उचकी लागते, मळमळतं, आणि माणूस थुंकून टाकतो. चावायची, तोंडात चुणचुण झाली की थांबायचं आणि गालात धरून ठेवायची, चुणचुण गेली की पुन्हा चावायची. "तंबाखूचा बार गालात ठेवता ना, तसंच," एवढं सांगितलं की पुढे शिकवावं लागत नाही. चहा प्यायल्यावर पंधरा मिनिटं मात्र नाही, कारण तोंड आंबट असेल तर निकोटिन शोषलं जात नाही. पहिली विडी अर्ध्या तासाच्या आत लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची, बाकीच्यांना २ ची.

वॉर्डातल्या मामांचा उल्लेख करायलाच हवा. पेशंटला चुना हवा झाला की तो मामांच्या डबीतून मिळायचा. सिस्टरांनी पेशंटांच्या आधी मामांना धरलं. वर्षभरात त्यांची तंबाखू दोनदा सुटली, दोनदा लागली, तिसऱ्यांदा सुटली. आता पेशंट तंबाखूसाठी कुणाला लपून भेटायला निघाला की मामा त्याच्याबरोबर जातात आणि बोलत बोलत परत घेऊन येतात. सिस्टरांच्या शिकवण्यापेक्षा मामांचं "माझी पण सुटली की" जास्त लागू पडतं, हे सिस्टर स्वतःच सांगतात.

रुग्णालयाच्या आवारात धूम्रपान कायद्यानं बंद आहे, दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. पण सिस्टर कधी उशीखाली हात घालत नाहीत. "मी झडती घेतली की तो माझ्यापासनं लपवणार. लपवायला लागला की मला खरं कधीच कळणार नाही." मला हे पूर्ण पटतं. दंड करायला दुसरी माणसं आहेत, ऐकून घेणारी ही एकटीच असते.

घरात हजार विड्या

नऊ नंबरच्या दादाला जो आजार आहे त्याचं नाव बर्गरचा आजार. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, त्यात गुठळ्या होतात, रक्त पोचत नाही, बोटं काळी पडतात. होतो तो बहुतेक तरुण पुरुषांना, आणि तंबाखू वापरणाऱ्यांनाच. औषधं आहेत, ऑपरेशनं आहेत, पण तंबाखू पूर्ण थांबवण्याची बरोबरी त्यातलं काहीही करत नाही. दिवसाला एक-दोन विड्याही आजार जागता ठेवायला पुरतात. थांबवली तर बहुतेकांचा पाय वाचतो. न थांबवणाऱ्याचं आधी बोट जातं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. त्याला निकोटिनचं च्युइंगमही चालत नाही, कारण निकोटिन कुठल्याही वाटेनं आलं तरी वाहिन्या आवळतं. मग उरतं डॉक्टरांनी दिलेलं दुसरं औषध, आणि सलाईनचे थेंब.

तो मागावर रात्रपाळी करायचा. शेडमध्ये सूत, तूस. आत पेटवता येत नाही. दर दोन तासांनी बाहेर येऊन ओढायचा. ती त्याची एकमेव सुट्टी होती. ही गोष्ट सिस्टरांनी त्याच्याकडून काढून घेतली, कारण विडी गेली तर ती बाहेर येऊन उभं राहण्याची पाच मिनिटं कुठून आणायची हा खरा प्रश्न होता. "बाहेर यायचंच," त्यांनी सांगितलं. "फक्त खिशात बिडीऐवजी शेंगदाणे ठेवायचे."

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता. ती विड्या वळते. सोलापुरात विडी कामगार बायका हजारोंनी आहेत. शहराजवळ कुंभारीत त्यांच्यासाठी उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरं आहेत. भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार विड्या. नवऱ्याचा पाय ज्यानं काळा पडला, त्यावर घराचं दूध आणि पोरांच्या वह्या येतात.

सिस्टर तिला 'हे काम सोड' म्हणाल्या नाहीत. मीही म्हणणार नाही. तिला दुसरं काम द्यायची ताकद आम्हा दोघांत नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, विड्या वळायचं सूप कुठं असतं घरात?" खाटेजवळ, खिडकीपाशी. "ते पलीकडच्या खोलीत नेता येईल का? आणि माल रोजच्या रोज मोजून द्यायचा, रात्री घरात एकही उरायला नको." बाईनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "मी जाऊबाईंच्यात बसून वळीन. ते घरी असताना घरात नकोच."

त्या दिवसभरात ऐकलेला सगळ्यात मोठा निर्णय हा होता, आणि तो एका स्टुलावर बसून, दोन वाक्यांत झाला.

फाटकाबाहेरची टपरी

माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते अकरा दिवस एका दवाखान्यात होते. अकरा दिवसांत त्यांनी एकही सिगारेट ओढली नाही. इच्छाच झाली नाही म्हणाले. त्या अकरा दिवसांत त्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोललंही नाही, आम्हीही नाही. आपोआप सुटली या आनंदात होतो. घरी आल्यावर चौथ्या दिवशी ते दूध आणायला म्हणून गेले आणि येताना खिशात पाकीट होतं. ते पुढे तीन वर्षं जगले. त्या अकरा दिवसांचा विचार मी अजून करतो.

वॉर्डात सुटणं आणि घरी सुटलेली राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णालयात दिलेल्या समुपदेशनावरचे अभ्यास एका मुद्द्यावर ठाम आहेत: घरी गेल्यावर किमान महिनाभर कुणीतरी संपर्क ठेवला तरच त्याचा उपयोग होतो. डिस्चार्जच्या दिवशी संपणाऱ्या सल्ल्यानं फारसं काही साधत नाही. घसरण होते ती बहुधा पहिल्याच आठवड्यात, आणि वॉर्डात नसलेली टपरी फाटकाबाहेर असते.

सिस्टरांच्या टेबलाच्या खणात दोनशे पानी वही आहे. पेशंटचं नाव, फोन, सोडल्याची तारीख आणि पुढे तीन रकाने: तिसरा दिवस, सातवा दिवस, तिसावा दिवस. फोन त्या स्वतःच्या मोबाइलवरून करतात, ड्युटी संपल्यावर. बोलणं दोन-तीन मिनिटांचं. 'ओढली का?' असं विचारत नाहीत. 'कालचा दिवस कसा गेला?' असं विचारतात. काही रकान्यांत टिक आहे, काहींत फुली, आणि फुलीपुढे पुन्हा नवी तारीख. एका नावापुढे चार तारखा होत्या. "एकदा घसरला म्हणजे संपलं असं नसतं," त्या म्हणाल्या. "ताप परत आला तर आपण औषध बंद करतो का?"

जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत, समुपदेशक आहेत. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक २०१६ पासून चालू आहे. त्याचं एक केंद्र मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये आहे. २०१८ पासून हा नंबर विडी-सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. विडीच्या बंडलावर तो इतका बारीक असतो की साठीच्या माणसाला वाचता येत नाही. सिस्टर तो मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून देतात.

मी निघालो त्याच्या दोन आठवड्यांनी त्यांना फोन केला. दादाच्या अंगठ्याचं टोक काढावं लागलं, पाय शाबूत आहे, तो घरी गेलाय. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात टिक, सातव्या दिवसाच्या रकान्यात टिक. तिसावा दिवस अजून यायचा होता.

प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर पुढच्या ड्रेसिंगची तारीख लिहिलेली असते. तिच्याखाली एक ओळ वाढवून सिस्टरांच्या फोनची तारीख लिहायला सुरुवात करावी, आणि तो फोन त्यांच्या ड्युटीच्या वेळेत, रुग्णालयाच्या फोनवरून व्हावा, ही माझी आरोग्य खात्याला कळकळीची विनंती आहे. आणि वाचकहो, तुमच्या घरचं कुणी दाखल असेल तर घरी निघायच्या आधी सिस्टरांना एकदा गाठा आणि सांगा, "आमचे हे ओढतात. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?"